गोकाकचा धबधबा, रविवारी

(रस्ता, गाड्यांची रांग)

जुलैतला रविवार. बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्याच्या बऱ्याच अलीकडे गाड्या अडकल्यात. बेळगावच्या, कोल्हापूरच्या, हुबळीच्या. इथून पुढं चालतच जायचं.

(कठड्याजवळची गर्दी)

घटप्रभा नदी इथं सुमारे 170 फूट खाली कोसळते. पण पुढं दिसतात ती माणसांची डोकी आणि वर धरलेले मोबाईल. 'सरका की जरा', 'सरीरी स्वल्प', मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत एकच विनवणी. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप टाचा उंचावून बघतात. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पाणी नीट दिसू नये, याचं वाईट वाटतं. पायाखाली कणसांची बुरखुंडं, पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटं. आणि शेवाळलेल्या कातळावर, अगदी कडेला, फोटोसाठी उभी राहिलेली पोरं. त्यांना बघून पोटात गोळा येतो. या कड्यावर जीव गेलेत.

(गढूळ पाणी, जवळून)

हे तांबडं पाणी आपल्या ओळखीचं आहे. सह्याद्रीत उगम पावून ते चंदगड तालुक्यातून येतं आणि हिडकलच्या धरणात अडतं. धरणातून पाणी सुटलं, पुढं येऊन मिळणाऱ्या हिरण्यकेशी नदीला पूर आला, की गोकाकचा कडा भरून वाहतो. उन्हाळ्यात इथं नुसता काळा कातळ असतो. म्हणून चार पावसाळी रविवारांवर सगळा भार पडतो.

(गिरणीच्या इमारती)

काठावरची ही सूतगिरणी 1887 साली सुरू झाली, ती याच पाण्याच्या जोरावर. धबधब्यानं यंत्रं फिरवली, गाव वसवलं, कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. आलेल्यांपैकी किती जणांना हे कुणी सांगतं? निदान एक मोठा फलक हवा, कन्नडमध्ये आणि मराठीतही. गाड्या दूर थांबवून तिथून बस सोडली, तर रस्ताही मोकळा होईल.

(महालिंगेश्वराचं देऊळ)

गर्दीपासून थोडं बाजूला महालिंगेश्वराचं चालुक्य शैलीतलं जुनं देऊळ आहे. दगडावरचं कोरीवकाम बघायला इथं वेळ मिळतो.

यायचं असेल तर मंगळवारी, बुधवारी या, सकाळी लवकर. हिडकलमधून पाणी सोडल्याची बातमी बघून निघा. करदंट, म्हणजे गोकाकची डिंक-सुकामेव्याची मिठाई, घ्या, मुलांचा हात धरा, आणि ओल्या कातळावर अजिबात उतरू नका.