मुलगा येत नसेल, तर आपण जाऊ

नमस्कार श्रोतेहो.

पंधरा-सोळा वर्षांचा आपला मुलगा नशा करतोय, हे कळतं तेव्हा घरात सगळ्यात आधी शोध सुरू होतो तो दोष कुणाचा याचा. आई म्हणते, बाबांनी कधी लक्षच दिलं नाही. बाबा म्हणतात, तुझ्या लाडांनी वाया गेला. आणि दोघं मिळून म्हणतात, त्या मित्रांनी बिघडवला. मग ठरतं, याला कुठेतरी दाखवून आणायचं. डॉक्टरांनी त्याला नीट करून परत द्यायचं आणि घर मात्र होतं तसंच राहणार.

आज मला याच समजुतीविषयी बोलायचं आहे. किशोरवयीन मुलांच्या व्यसनावरच्या ज्या उपचारांचा सर्वांत जास्त अभ्यास झालाय, त्यांत कुटुंबोपचार, म्हणजेच फॅमिली थेरपी, वरच्या रांगेत आहे. या उपचारात मुलाला एकट्याला बसवत नाहीत. सगळं घर येऊन बसतं.

आई-वडील इथेच बिचकतात. 'म्हणजे चूक आमची, असंच ना?' नाही हो. घरामुळे व्यसन लागलं, असं हा उपचार म्हणतच नाही. मूल ज्यांच्यासोबत जेवतं, भांडतं, ज्यांच्यापासून लपवतं, त्यांचा त्याच्यावर जेवढा प्रभाव असतो तेवढा आठवड्यातून तासभर भेटणाऱ्या कुठल्याही समुपदेशकाचा असू शकत नाही. तो प्रभाव कामाला लावायचा, एवढाच त्यामागचा विचार.

एखादी बैठक डोळ्यांसमोर आणा. समुपदेशक मुलाला विचारते, "शाळा कशी चाललीय?" उत्तर आई देते. मुलगा खाली मान घालून नखं कुरतडतोय. वडील घड्याळाकडे बघताहेत. नशेचा विषय अजून निघालेलाही नाही, पण समुपदेशकेला बरंच काही दिसलेलं असतं. ती आईला म्हणते, "त्याला बोलू दे." मग वडिलांना म्हणते, "तुम्ही मला त्याच्याबद्दल सांगताय. खुर्ची वळवा आणि त्याच्याशीच बोला." वडील वळतात आणि पहिलंच वाक्य येतं, "कधीपासून चाललंय हे?" मुलगा म्हणतो, "तुम्हाला काय करायचंय?" घरी हे बोलणं इथेच संपलं असतं, दार आपटून. इथे मात्र समुपदेशक दोघांना थांबवते. "तुम्ही चिडलात ते दिसतंय. पण रात्री तो घरी नसतो तेव्हा तुमचं काय होतं, ते सांगा त्याला." वडील थोडा वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "तू येईपर्यंत मी जागाच असतो." मुलगा पहिल्यांदा वर बघतो. त्याला वाटत असतं, बाबांना आपला फक्त राग येतो.

एवढ्याने व्यसन सुटत नाही, हे उघड आहे. पण ज्या घरात महिनोन् महिने फक्त झाडाझडती आणि खोटं बोलणं चाललं होतं, तिथे बोलायला वाट होते. पुढचं सगळं त्या वाटेवरून जातं.

खुर्च्या वळवून माणसांना समोरासमोर बोलायला लावण्याची ही पद्धत साल्वाडोर मिनुचिन या मनोविकारतज्ज्ञांमुळे रुजली. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या, वाट चुकलेल्या मुलांसोबत आणि त्यांच्या कुटुंबांसोबत त्यांनी काम केलं, पुढे फिलाडेल्फियात ते वाढवलं. घरात कोण कुणाच्या बाजूने आहे, निर्णय कोण घेतं, कुणाला बाजूला टाकलंय, याकडे ते बघत. एक गोष्ट अशा घरांत पुन्हा पुन्हा आढळते. आई-वडिलांचं आपसात पटत नाही, पण मुलाने काही गोंधळ घातला की दोघं तेवढ्यापुरते एकत्र येतात. मुलाच्या हे लक्षातही येत नसतं, तरी त्याच्या गोंधळावर घर टिकून राहतं. अशा वेळी आधी आई-वडिलांनी एकमेकांशी बोलायला शिकावं लागतं. आणि वडील स्वतः रोज पीत असतील, तर त्याबद्दलही बोलावंच लागतं.

आता सगळ्यात अवघड अडचण. मुलगा म्हणतो, "मला काही झालेलं नाही, मी येणार नाही." बहुतेक घरं इथेच अडतात. अमेरिकेत मायामीतले मानसशास्त्रज्ञ होझे झापोचनिक यांनी या अडचणीवरच काम केलं. १९८८ साली त्यांनी १०८ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही कुटुंबांना नेहमीसारखी वेळ दिली. बाकीच्यांच्या बाबतीत आईचा पहिला फोन आला तेव्हापासूनच उपचार सुरू झाला असं धरलं. कोण यायला तयार नाही, का नाही, घरात कुणाचा शब्द चालतो, हे विचारलं. गरज पडली तिथे न येणाऱ्या माणसाशी समुपदेशक स्वतः बोलले. नेहमीच्या पद्धतीत ४२ टक्के कुटुंबं उपचाराला आली, दुसऱ्या पद्धतीत ९३ टक्के. उपचार पूर्ण करणारे २५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. 'मूलच ऐकत नाही' म्हणून ज्या घराला परत पाठवलं जातं, त्याच्यापर्यंत पोचायची वाट त्यांतून दिसते.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की कुटुंबोपचार हा एकच चांगला उपचार नव्हे. गांजा ओढणाऱ्या ६०० अमेरिकन मुलांवरचा एक मोठा अभ्यास २००४ साली आला. त्यात पाच उपचार ताडून पाहिले होते, त्यांत कुटुंबोपचारही होता. सुधारणा पाचही गटांत झाली आणि गटागटांतला फरक फार नव्हता. पुढे युरोपातल्या पाच देशांत ४५० मुलांचा अभ्यास झाला. गांजाचं सेवन वैयक्तिक समुपदेशनानेही कमी झालं, पण कुटुंबोपचारातली मुलं उपचारात जास्त टिकली. माझ्या मते त्याचं खरं बळ इथेच आहे. मधेच सोडलेल्या उपचाराचा उपयोग किती होणार?

काही ठिकाणी घाई करू नये. घरात मुलाला मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल, तर अत्याचार करणाऱ्यासोबत त्याला एका खोलीत बसवायचं नाही. आधी त्याला सुरक्षित करायचं. मूल जीव देण्याविषयी बोलत असेल, त्याला भास होत असतील, किंवा हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थाची सवय लागली असेल, तर आधी डॉक्टर. औषधं आणि कुटुंबोपचार सोबत चालू शकतात.

साधारण बारा ते सोळा बैठका, म्हणजे तीन-चार महिने, एवढा वेळ धरून चाला. मधे एखाद्या शनिवारी तो पुन्हा ओढून येईल. त्या रात्री जाब विचारू नका, नशेतल्या माणसाशी बोलून उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी आधी ठरवलेली शिक्षा दोघांनी मिळून, आवाज न चढवता लागू करा. एकाने शिक्षा द्यायची आणि दुसऱ्याने गुपचूप पैसे द्यायचे, हे घडलं तर ठरवलेलं सगळं वाया जातं. आणि तो वेळेवर घरी आला त्या दिवशी तेही बोलून दाखवा. हे फार घरांत राहून जातं.

उद्या कुणाला फोन करणार असाल, तर दोन गोष्टी विचारा. तुम्ही घरच्या सगळ्यांना एकत्र भेटता का? आणि मुलगा यायला तयार नाही, तरी आम्ही दोघं आलो तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाला 'या' असं उत्तर देणारा समुपदेशक मिळाला, की त्याच आठवड्यातली वेळ घ्या.