वारा दारातच अडतो

आजच्या भाषणाचा विषय आहे सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत सुटणारा विद्युतभारित कणांचा झोत, आणि पृथ्वीचं वरचं वातावरण. आधी या ‘वारा’ शब्दाशी भांडून घेतो. वारा म्हटलं की डोळ्यांपुढे उडालेले पत्रे येतात. सौरवारा सेकंदाला 400 किलोमीटरने येतो खरा, पण त्यात माल किती? घनसेंटिमीटरला पाच-दहा कण! तेही बहुतेक साठेक हजार किलोमीटरवरच पृथ्वीचं चुंबकक्षेत्र अडवतं. हवेला तो थेट धडकतो असं नाहीच. तो चुंबकामार्फत वीज पाठवतो.

पुरावा आपल्या मुंबईचाच. 2 सप्टेंबर 1859, सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात महावादळ उठलं तो दिवस. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसूचीची नोंद डोळ्यांनी, तासातासाला घेत. सूची बिथरली की अंतर कमी करत. त्या दिवशी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) खाली आला, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं ना? आज 400 ने उतरला तरी जगभर बातमी होते. त्या महावादळाच्या अभ्यासात कुलाब्याच्या या नोंदीशिवाय पान हलत नाही. पुढे मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली. घोड्यांच्या ट्रामचा सूचीला काही त्रास नव्हता, रुळांतून फिरणाऱ्या विजेचा होता. म्हणून 1904 मध्ये अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या-नव्या मोजमापांचा सांधा जुळावा म्हणून. इतकी शिस्त! आपण घर बदलताना विजेच्या मीटरचं रीडिंगही घेत नाही...

आयोजकांची चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरलीत. बरं, मुद्द्याचं पटापट सांगतो.

सौरवाऱ्यासोबत येणारं चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की ते पृथ्वीच्या क्षेत्राला जोडलं जातं. उत्तरेकडे असेल तर दार बऱ्यापैकी बंद. जोडणी झाली की ध्रुवीय भागात विजेचे प्रवाह उतरतात आणि 100 ते 150 किलोमीटर उंचीवरची विरळ हवा शेगडीच्या तारेसारखी तापते. तापली की फुगते. खालची दाट हवा वर सरकते आणि काही तासांत ही उष्णता विषुववृत्ताकडे पसरते.

3 फेब्रुवारी 2022 ला इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे 49 उपग्रह सुटले. कक्षेचं खालचं टोक होतं जेमतेम 210 किलोमीटरवर. त्या वेळचं चुंबकीय वादळ किरकोळ होतं, तरी हवेचा अडथळा आधीच्या उड्डाणांपेक्षा 50 टक्क्यांपर्यंत वाढला. उपग्रह कागदासारखे आडवे करून कड पुढे धरली, जेणेकरून अडथळा कमी व्हावा. पण त्या स्थितीतून बाहेर येऊन कक्षा उंचावणंच जमेना. 38 जळून गेले. आणि गंमत बघा, अडथळ्याने कक्षा घसरते तसा उपग्रहाचा वेग वाढतो! तो ठरल्या जागी दिसत नाही, अंदाजापेक्षा पुढे निघून गेलेला असतो.

फुगलेली हवा निवते कशी? वादळातच जास्त तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड उष्णता अवरक्त किरणांनी बाहेर टाकतो. कधी इतकी, की नंतर हवा नेहमीपेक्षा विरळ होते आणि अडथळ्याचं गणित उलट्या बाजूने चुकतं.

आगाऊ इशारा? सूर्यावर नजर ठेवणारं भारताचं यान आदित्य-एल1 पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला 15 लाख किलोमीटरवर आहे. सौरवारा सेकंदाला 400 किलोमीटरने आला तर तासभर मिळतो, 800 ने आला तर अर्धा. क्षेत्र दक्षिणेला वळलंय की नाही, हे खात्रीने तिथेच कळतं, त्याआधी नाही. घंटा वाजली, प्रश्न चहाला घेऊ.