ताप आला की सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

भाताचा तरवा वर आला की आपल्याकडे कोकणात घरोघरी लावणीचं बोलणं सुरू होतं. मदतीला चार पैरी कुठून मिळतील, पॉवर टिलर कोणाचा, कुणाचा कुणगा, म्हणजे भाताचं शेत, आधी. लावणी अर्ध्यावर आली की आणखी एक बोलणं ऐकू येतं, पण ते हळू आवाजात. 'तिला ताप आलाय म्हणे.' 'दोन दिवस झोपून आहे म्हणे, सांगू नको हां कोणाक.' ताप आलेला माणूस सांगत नाही, आणि ज्याला कळतं तो कुजबुजतो. मला या कुजबुजीची काळजी वाटते, म्हणून आज मी तुमच्याशी बोलायला आले आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा आशाताईंबरोबर आम्ही शिक्षकही वाडीवाडीतून फिरलो. कपाळासमोर तापमापक धरायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, घरात कोणाला मधुमेह आहे, कोणाला रक्तदाब आहे ते लिहून घ्यायचं. ओटीवर बसलेली म्हातारी माणसं आम्ही काही विचारायच्या आतच सांगायची, "माका काय एक नाय. पावसात भिजलंय म्हणान अंग दुखता." आत माजघरात कोणीतरी खोकत असायचं आणि घरातली सून दारात आडवी उभी असायची.

त्यांना दोष कसा द्यायचा? त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना शाळांच्या वर्गांत ठेवावं लागलं होतं, त्यांच्या हातांवर शिक्के होते. सुरुवातीला रत्नागिरीत तपासणीची सोय नव्हती, नमुने घाट चढून मिरजेला जायचे. प्रयोगशाळा सुरू झाली ती जून २०२० मध्ये. अहवाल येईपर्यंत त्या घराच्या विहिरीवर कोणी येत नसे, दूध कोणी घेत नसे. ज्यांनी हे पाहिलं, त्यांच्या मनात ताप म्हणजे बदनामी हे पक्कं बसलं. आजाराची लाट ओसरली तरी ते मनातून गेलं नाही.

आता लशीचं सांगते, कारण तिथे मला याच्या अगदी उलटं पाहायला मिळालं.

तिसरा डोस, ज्याला सरकारी भाषेत प्रिकॉशन डोस म्हणत आणि आपण सगळे बूस्टर म्हणतो, तो १० जानेवारी २०२२ पासून सुरू झाला. आधी आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीच्या पुढचे आजार असलेले लोक. एप्रिलमध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना मोकळा झाला, पण खासगी केंद्रात आणि पैसे देऊन. लशीचे २२५ रुपये आणि वर सेवाशुल्क. शिवाय तालुक्याच्या गावी जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस वेगळाच. मग १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांत तो मोफत झाला. ती तारीख देशासाठी ठीक असेल, आपल्यासाठी ती ऐन लावणीतली होती. इंजेक्शन घेतलं की एक-दोन दिवस अंग मोडून येतं, कधी कणकण येते. लावणीतले दोन दिवस बाई कुठून काढणार? जे आले नाहीत त्या सगळ्यांना अडाणी ठरवणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला नाही.

तरीही माणसं आली. कशी आली, ते मी उपकेंद्राच्या पडवीत बसून पाहिलं आहे. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असायचे. बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर उरलेली लस वाया. म्हणून सात-आठ माणसं जमली की सिस्टरबाई थांबायच्या आणि आशाताई उरलेल्यांना आणायला वाडीत जायच्या. कोणाच्या परड्यात, कोणाच्या मळ्यात. "काकी, दोनच माणसा कमी असत, तुम्ही येवा." काकी हात धुऊन, डोक्यावर इरलं घेऊन यायच्या. फोनवर येणारा ओटीपी हा आणखी एक घोर. खाली वाडीत रेंज नाही, म्हणून शाळेतली पोरं फोन घेऊन सड्यावर पळायची, आकडा पाठ करून परत यायची. पुढे सुई टोचली की अर्धा तास बाकावर बसायचं, आणि त्या अर्ध्या तासात कोणाचं गुडघ्याचं दुखणं, कोणाची साखर, कोणाला रात्री लागणारी धाप, सगळं सिस्टरबाईंना सांगून व्हायचं. लपवणारी हीच माणसं! तिथे ओळखीचं कोणीतरी विचारत होतं आणि ऐकून घेत होतं. माझ्या मते ह्या अर्ध्या तासाने लशीइतकंच काम केलं.

देशभर करोना लशीचे सुमारे २२० कोटी डोस दिले गेले, त्यांतले तिसरे डोस २२ कोटींच्या आसपास. म्हणजे पहिल्या दोन डोसांना जी धावपळ होती ती तिसऱ्याला राहिली नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. आता बूस्टर घ्यायचा का, असं मला अजूनही कोणी विचारतं. वय झालेलं असेल, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा छातीचा आजार असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना विचारावं. माझ्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर ठरवू नये.

मला जास्त भीती वाटते ती घरच्या तपासणीच्या पट्टीची. मे २०२१ मध्ये पुण्याच्या कंपनीने बनवलेल्या घरच्या घरी वापरायच्या किटला मान्यता मिळाली, अडीचशे रुपयांत ते मेडिकलमध्ये मिळू लागलं. चांगली सोय झाली. पण त्या पट्टीवर एकच रेघ उठली की घरात सुटकेचा श्वास पडतो: करोना नाही, म्हणजे काही नाही. मग पॅरासिटामॉलची गोळी घ्यायची आणि पुन्हा चिखलात उतरायचं. ती पट्टी फक्त करोनाचं सांगते, आणि तेही लक्षणं असताना एक रेघ आली तर खात्रीचं नाही. आपल्या पावसाळ्यात तापाची कारणं अनेक आहेत. हिवताप आहे, डेंग्यू आहे, आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, आहे.

लेप्टोबद्दल थोडं सविस्तर सांगते. उंदीर, घुशी, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून हे जंतू शेताच्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून, विळ्याच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतात. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी ताप चढतो. डोकं दुखतं, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाही. लावणीत पोटऱ्या कोणाच्या दुखत नाहीत? म्हणूनच हा आजार आपल्याला फसवतो. सुरुवातीच्या दिवसांत तो साध्या, स्वस्त औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं थकतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग गाडी करून ओरोसचं जिल्हा रुग्णालय, तिथून गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय. त्या रस्त्यावर मी माझ्या ओळखीची माणसं जाताना पाहिली आहेत. सगळी परत आली नाहीत.

आणि म्हणून, श्रोतेहो, डॉक्टरांपुढे बसल्यावर नुसतं 'ताप आलो' एवढंच सांगू नका. ताप कितव्या दिवसाचा आहे ते सांगा, कारण त्यावर तपासणी ठरते. डेंग्यूची एक तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी पडते. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी मात्र पहिल्या दिवसांत रोग असूनही नाही म्हणू शकते, म्हणून डॉक्टर अहवालाची वाट न बघता औषध सुरू करतात. पण त्यांना संशय यायला तुम्ही सांगितलं पाहिजे: मी चिखलात होते, पायाला जखम आहे, गोठ्यात उंदीर फार झालेत. शहरातून नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरांना तुमचा कुणगा माहीत नसतो. मेडिकलमधून आधी काही गोळ्या घेतल्या असतील तर त्यांचं पाकीट बरोबर न्या. डॉक्टर रागावतील म्हणून ते लपवू नका. रागावले तर रागावू देत.

जखम असून शेतात उतरावंच लागणार असेल तर आधी आरोग्य केंद्रात विचारा. जोखमीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सिसायक्लिनची गोळी तिथले डॉक्टर माणूस बघून देतात. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना ती चालत नाही, म्हणून एकीने दुसरीला देऊ नये. लघवी कमी झाली, धाप लागली, डोळे पिवळे दिसले, तर उद्याची एसटी बघू नका, १०८ ला फोन करा.

दोडामार्ग आणि बांदा भागातल्या श्रोत्यांना आणखी एक सांगायचं आहे. तुमच्याकडे ताप पावसाळ्यापुरता नसतो. २०१६ पासून तिथे माकडताप माहीत झाला आहे, आणि तो येतो काजूच्या हंगामात, बागेतल्या गोचिडींमधून. म्हणून काजू गोळा करायला जाताना अंगभर कपडे घाला आणि घरी आल्यावर लगेच कपडे बदलून आंघोळ करा. बागेत माकड मेलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. आणि त्या दिवसांत घरात कोणाला ताप आला तर बागेत गेलो होतो हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.