वॉर्डातली किर्द

नमस्कार श्रोतेहो. घरातल्या लेकराला कॅन्सर निघाला की मोठी माणसं स्वयंपाकघरात कुजबुजायला लागतात, आणि पोरगं आलं की गप्प. त्याला काय कळतंय, म्हणतात. अहो, त्याला कळतं, पण अर्धवट. उरलेलं ते मनानं रचतं. आईचं ऐकलं नाही म्हणून झालं, असंसुद्धा. तेव्हा आजाराचं नाव सांगा, आणि तुझ्यामुळं झालेलं नाही हे सांगा. एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगा.

बेळगावजवळच्या खानापूरकडचा एक आठ वर्षांचा पोरगा. रक्ताचा कॅन्सर. सुई दिसली की थेट कॉटखाली. आजोबांचं किराणा दुकान. त्यांनी एक दिवस लाल कापडी बांधणीची किर्द, म्हणजे रोजच्या हिशोबाची वही, आणून त्याच्या मांडीवर ठेवली. "घे, हिशोब तू ठेव. डावीकडं जमा, उजवीकडं नावे." झालं! रक्त काढलं की नावे: 'जांभळ्या टोपणाची नळी १'. प्लेटलेट्स चढवल्या की जमा: 'पिवळी पिशवी १'. सिस्टर कन्नड. ती विचारायची, "याव कै?" म्हणजे कुठला हात? हा "एडगै" म्हणून डावा हात पुढं करायचा. (आपल्याकडं पोरं दोन्ही भाषा गल्लीत खेळता खेळता शिकतात. त्यावरनं भांडणारी मोठी माणसं मला कधी कळलीच नाहीत. असो.) वहीत सही केल्याशिवाय सिस्टरला सुट्टी नाही.

एकदा हा झोपलेला असताना पहाटे, आधीपासून लावून ठेवलेल्या नळीतनंच रक्त काढून नेलं. सकाळी बापाच्या तोंडून निसटलं. याने वही उघडली, नोंद नाही! "चोरी झाली," म्हणून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. नाश्त्याला हात लावीना. ड्यूटी संपवून निघालेली सिस्टर जिन्यावरनं परत आली, वेळ घालून कन्नडमध्ये सही केली, तेव्हा कुठं इडली पोटात गेली. रक्त कमी काढलं का? नाही. सुया टळल्या? एकही नाही. पण हिशोब त्याच्या हातात होता.

वहीच पाहिजे असं नाही. बेंगळुरूच्या किदवाई कॅन्सर हॉस्पिटलला जायचं असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसण्याआधी पिशवी त्याला भरू दे. रक्ताच्या कॅन्सरचा मुलांमधला नेहमीचा प्रकार असेल तर उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, तेवढा काळ पोरानं नुसतं पडून राहायचं का? मात्र "औषध घेणार का?" असं विचारू नका. नको म्हणालं तर काय करणार? "गोळी गोष्टीच्या आधी की नंतर?" असं विचारा. खरी निवड असेल तिथंच विचारा.

थर्मामीटरचा आकडाही त्यालाच वाचू दे. पण केमो, म्हणजे कॅन्सरवरची औषधं, चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्यावर दिसला, की तिथं निवड नाही. रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन लावायचा.