वीस टन हिराकस

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींबद्दल, म्हणजे वनस्पती प्लवकांबद्दल. पिकाला नुसता युरिया मारून भागत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. समुद्राचंही तसंच. नत्र, स्फुरद, लोह, सिलिका (वाळूत असते तीच) यांतलं काय मिळतं आणि काय संपतं, यावर तिथं कोण वाढणार ते ठरतं. किती वाढणार एवढंच नाही हं, कोण वाढणार!

आता किस्सा ऐका. जानेवारी २००९. गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचे शास्त्रज्ञ ‘पोलारस्टर्न’ जहाजातून केपटाऊनहून दक्षिण महासागराकडे निघाले. जहाजावर सुमारे वीस टन फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस. तिकडच्या पाण्यात नत्र भरपूर, लोहाची मात्र वानवा. लोह घातलं की प्लवक फोफावतील, हवेतला कार्बन शोषतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जातील, असा अंदाज होता.

जहाज समुद्रात असतानाच पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली. जर्मन सरकारनं सांगितलं, थांबा! हिराकस जहाजातच पडून. परवानगी मिळाली ती नेमकी २६ जानेवारीला. जहाजावरचे निम्म्याहून अधिक शास्त्रज्ञ भारतीय, मुहूर्त तर बरा लागला. मग तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडलं. दोन आठवड्यांत प्लवक दुप्पट झाले आणि तिथंच अडले.

का अडले? डायटम नावाच्या प्लवकाला कवच करायला सिलिका लागते, आणि ती आधीच्या बहरात संपून गेली होती. लोह आलं, सिलिका नव्हती. पुन्हा सांगतो, लोह आलं, सिलिका नव्हती. म्हणून डायटम मागे राहिले आणि बिनकवचाचे बारके प्लवक वाढले. ते कोपेपॉड नावाच्या बारक्या कवचधारी जिवांनी फस्त केले, कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या अँफिपॉडांनी खाल्लं. तळाशी कार्बन गेला तो अगदीच थोडा. मोहिमेचा गाजावाजा पेपरांत झाला, निकाल मात्र कुठल्या तरी कोपऱ्यात. ही माझी जुनी तक्रार आहे, असो.

आपल्याकडे पावसाळ्यात गोवा, कर्नाटक, केरळच्या किनाऱ्याशी खालचं गार पाणी वर येतं. त्यात नत्र असतं, सिलिकाही असते, म्हणून डायटम माजतात आणि तारलीची चंगळ होते. पापलेटसाठी खिसा रिकामा करणारी मंडळी या तारलीकडे बघून नाक का मुरडतात, देव जाणे. तिखटजाळ, तिरफळं घातलेलं तारल्यांचं कालवण एकदा खाऊन बघा. नमस्कार.