पोरं खेळवणारा पैलवान

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या तालमीत पोरवयात दाखल झालो तेव्हा ताकद कमवायची आणि जत्रेतले फड मारायचे, एवढंच डोक्यात होतं. ताकद आलीही. पण कुस्ती एकट्याला शिकता येत नाही, हे कळायला बरीच वर्षं गेली. जोर-बैठका एकट्यानं काढता येतात, पण पट काढायचा, म्हणजे पाय ओढून पाडायचं, तर समोर कुणाचा तरी पाय लागतो आणि तो रोज द्यायला तयार असलेला माणूसही लागतो.

नव्या पोराच्या हातात आधी खोरं येतं, डाव मागाहून. आखाड्याची तांबडी माती उकरायची, खडे वेचायचे. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची, म्हणजे पडणाऱ्याला लागत नाही. पहिल्या दिवसापासून आपण दुसऱ्याच्या पाठीसाठी राबतो. तेव्हा मात्र हातावरचे फोड तेवढे कळायचे.

मग थोरले पैलवान खेळवायला घेतात. मनात आणलं तर क्षणात चितपट करतील, पण करत नाहीत. एकलंगीचा डाव भरायला जागा देतात. बरोबर बसली तर पडतात, चुकली तर जागचे हलत नाहीत. कडेला वस्ताद असतातच, "आरं, तोंडाकडं काय बघतोयस, पाय धर!" घामानं हात निसटायला लागला की दोघं एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. ज्याला पाडायचंय, त्याचीच पकड बसावी म्हणून!

पैलवान खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत पाठ लागेपर्यंत झुंजायचं असतं, ऑलिंपिकच्या मॅटवर, म्हणजे गादीवर, न पडताही गुणांवर हार होते. मातीत मुरलेल्या गड्यानं पुन्हा नवखं होऊन मॅटची कुस्ती अंगात भिनवायची, हे सोपं नव्हे. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

सगळेच पैलवान तालमीतून शहाणे होऊन निघतात असं मात्र नाही. गावात दांडगाई करत फिरणारेही निघाले. माझ्या पाहण्यात त्यातले बरेचसे नुसते फड मारणारे, लहान पोरांना कधी न खेळवलेले. (मेहनत सुटते आणि खुराक सुटत नाही, हा आमचा दुसरा रोग. माझं पोट त्याची साक्ष देईल.)

नोकरी लागली, माझे फड सुटले. वस्तादांनी मग पोरं खेळवायला बोलावलं. पडायचं कधी, हे तिथं नव्यानं शिकलो. उगाच पडलो की पोराला बरोबर कळतं आणि ते चिडतं. अडून बसलो तर डाव बसत नाही. स्वतः जिंकताना एवढं लक्ष मी कधी दिलं नव्हतं.

पोराला तालमीत घालायचं मनात असेल, तर जत्रेतली कुस्ती बघून ठरवू नका. पहाटे जा आणि थोरला गडी धाकट्याला कसा खेळवतो ते बघा. पोरीला घालायचं असेल तर मुलींची सोय आहे का, तेही विचारा. पूर्वी तालमीचं दार त्यांना बंदच असायचं, आता बऱ्याच ठिकाणी पोरी लढतात.

नमस्कार.