रापणारी कातडी आणि ऊन

त्वचेचा प्रकार ठरवताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो. बऱ्याच दिवसांनी कडक उन्हात अर्धा-पाऊण तास काढलात, तर दुसऱ्या दिवशी कातडी लाल होऊन चुरचुरते की नुसती रापते, हे विचारायचं असतं. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली याच उत्तरावरून प्रकार पाडले. गरज उपचारातली होती. सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांना सोरालेनची (त्वचा प्रकाशाला संवेदनशील करणाऱ्या औषधाची) गोळी देऊन यूव्हीए, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण द्यायचे होते. केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून मात्रा ठरवली की काही जण भाजत होते. सुरुवातीला हे वर्गीकरण गोऱ्या त्वचेपुरतंच होतं, पाचवा आणि सहावा प्रकार मागाहून जोडला. म्हणून आपल्याकडे ते वापरताना थोडं सांभाळूनच वापरावं.

पहिला प्रकार नेहमी भाजतो, रापत कधीच नाही. दुसरा सहसा भाजतो, तिसरा कधीमधी. चौथा क्वचितच भाजतो आणि चांगला रापतो, पाचवा त्याहून क्वचित. सहावा जवळजवळ भाजत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात येतात.

रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी सर्वांमध्ये संख्येनं साधारण सारख्याच असतात. फरक पडतो तो मेलॅनिन या रंगद्रव्याच्या कणांमुळे. गडद त्वचेत हे कण मोठे, सुटे आणि वरच्या थरांपर्यंत पसरलेले असतात, आणि पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे धरलेले असतात. १९७९च्या एका अमेरिकी मोजणीत कृष्णवर्णीय त्वचेचं नैसर्गिक संरक्षण एसपीएफ (सनस्क्रीनवर असतो तो ऊन-संरक्षणाचा आकडा) १३च्या आसपास भरलं, गोऱ्या त्वचेचं ३च्या. आपण मधे कुठंतरी. एवढ्या भरवशावर एप्रिल-मेची दुपार काढता येत नाही.

परिणाम कधी दिसतो, तेही नीट समजून घ्या. यूव्हीएमुळे काही मिनिटांत राखाडी-तपकिरी झाक येते. यूव्हीबी या दुसऱ्या अतिनील किरणांची लाली चार-सहा तासांनी सुरू होते आणि १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त होते. खरा राप दोन-तीन दिवसांनी चढतो. त्यामुळे दुपारी आरशात पाहून ‘मला काही झालं नाही’ म्हणणं चुकीचं आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसतही नाही. तिथे हात लावून बघा: कातडी गरम लागते का, दुखरी झाली आहे का?

आपल्या त्वचेचं मुख्य दुखणं भाजणं नव्हे, काळे डाग हे आहे. वांग, मुरुमांचे मागे राहिलेले डाग, काळवंडलेली मान. चौथ्या प्रकारापासून पुढच्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा-जांभळा, रंग गडद करतो आणि तो बराच टिकतो. साधं सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. म्हणून वांग असलेल्या बाईनं एसपीएफ ५० रोज लावूनही डाग हटत नाहीत, आणि ती वैतागून सगळंच सोडून देते. तिला आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन हवं. खिडकीची काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंचसं आत येतं, म्हणून गाडी चालवणाऱ्यांनीही ते लावावं.

प्रमाणात बहुतेक जण चुकतात. बाटलीवरचा एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत ओळ काढाल, तेवढं लागतं. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइडचा पांढरेपणा नको म्हणून लोक निम्मंच लावतात, आणि निम्म्यात संरक्षण फारच घटतं. बाहेर पडण्याआधी १५ मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा. स्कार्फनं आणि घामानं ते पुसलं जातं, तेव्हा त्याआधीही. स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हा टोपी आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

दोन अपवाद लक्षात ठेवा. कोडाच्या पांढऱ्या चट्ट्यात मेलॅनिन नसतं, तो चट्टा पाचव्या प्रकारच्या अंगावरही भाजतो. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्यांना एरवी सोसणारं ऊनही बाधू शकतं.

गडद त्वचेतला मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग मात्र बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी, तळवे-तळपाय आणि नखांखाली येतो. तळपायावर वाढणारा काळा डाग किंवा एकाच नखात रुंद होत जाणारी काळी रेघ दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.